गिटार अँपचा स्पीकर बदलायचाय? सोलापुरात बसून, न ऐकता, नीट कसा निवडायचा

सोलापुरात गिटार वाजवणारे काय कमी नाहीत. रविवारी चर्चमध्ये वाजवणारे आहेत, ऑर्केस्ट्रावाले आहेत, गॅदरिंगला हुतात्मा स्मृती मंदिराच्या स्टेजवर चढणारी कॉलेजची पोरं आहेत, आणि घरातल्या घरात वाजवणारे तर प्रत्येक गल्लीत एक-दोन सापडतील. पण अँपचा स्पीकर फाटला, जळाला किंवा त्याचा आवाज नकोसा झाला की सगळ्यांचं घोडं एकाच ठिकाणी अडतं. गावात डीजेचे मोठाले स्पीकर हवे तेवढे बघायला मिळतील, पण गिटारचे चार बारा इंची स्पीकर शेजारी शेजारी लावून ऐकायला मिळणं मुश्किल. मग पुण्या-मुंबईहून मागवा नाहीतर ऑनलाइन, म्हणजे न ऐकताच पैसे भरायचे.

न ऐकता घेणं जमतं, पण त्याला क्रम लागतो. बहुतेक जण उलटीकडून सुरू करतात, आधी नाव ठरवतात की मला सेलेशन कंपनीचा व्हिंटेज ३० स्पीकर टाकायचाय, आणि पार्सल आल्यावर तो आपल्या अँपला बसतो का ते बघतात. माझं मत ठाम आहे. आधी आपल्या आवाजात नक्की काय खटकतंय ते आपल्याला शब्दात सांगता आलं पाहिजे, मग अँपच्या मागचे आकडे, आणि स्पीकरचं नाव सगळ्यात शेवटी. हा क्रम पाळला तर नव्वद टक्के पर्याय आपोआप गळून पडतात आणि उरलेल्या दोन-तीनमधून निवडायला ऐकायची फार गरजच राहत नाही.

आधी बघा स्पीकरच गेलाय का

आवाज बंद म्हणजे स्पीकर गेला असं अजिबात नसतं. छोट्या प्रॅक्टिस अँपमध्ये हेडफोनची पिन घालायचं जे सॉकेट असतं, त्याच्या आत एक पातळ पत्र्याचा स्विच असतो, पिन घातली की स्पीकर बंद आणि काढली की चालू. आपल्याकडची धूळ तुम्हाला माहितीच आहे, उन्हाळ्यात खिडक्या बंद ठेवल्या तरी संध्याकाळपर्यंत टेबलावर बोटाने नाव लिहिता येतं. ती धूळ त्या पत्र्यावर बसली की पिन काढल्यावरसुद्धा स्पीकर मुकाच राहतो. हेडफोनमध्ये आवाज स्वच्छ आणि स्पीकरमध्ये काहीच नाही असं असेल तर पहिला संशय ह्या सॉकेटवर घ्या. थोडा कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, पिन दहा-पंधरा वेळा आत-बाहेर करा, बऱ्याचदा तेवढ्यावर भागतं.

दुसरी गोष्ट चरचर. जुळे सोलापुरातल्या एका ओळखीच्या पोराच्या बारा इंची अँपमध्ये ए ची मोकळी तार वाजवली की पत्रा हलल्यासारखा आवाज यायचा, बाकी सुरांवर काही नाही, आणि त्याने नवीन स्पीकर शोधायलाही घेतला होता. अँप खुर्चीवर ठेवला, तो तीच तार सारखी वाजवत राहिला आणि मी एकेक भाग हाताने दाबत गेलो, हँडल, मागची फळी, वायर अडकवायची क्लिप, समोरची जाळी. जाळीवर कंपनीच्या नावाची जी धातूची पट्टी असते तिच्यावर बोट ठेवलं आणि चरचर बंद. पट्टीची एका बाजूची पिन ढिली होती, पट्टीच्या मागे दोन बाजूंनी चिकटणारी टेप लावली, विषय संपला. म्हणून एकाच सुरावर आवाज येत असेल तर स्पीकरला दोष द्यायच्या आधी अँपचा प्रत्येक स्क्रू आणि प्रत्येक फळी दाबून बघा.

आता खरा स्पीकर तपासायचा. अँप बंद, प्लग भिंतीतून बाहेर. मागून हात घालता येत असेल तर दोन्ही हातांची बोटं मधल्या टोपीच्या दोन्ही बाजूंना ठेवा आणि कोन, म्हणजे स्पीकरचा कागदी पडदा, अगदी हलक्या हाताने, सारख्या जोराने आत ढकला. मऊ, बिनआवाजाचा गेला तर ठीक. खर्र असं घासल्यासारखं बोटांना लागलं तर कॉइल, म्हणजे कोनला चिकटवलेलं तारेचं वेटोळं, चुंबकाच्या फटीत घासतीय. टॉर्च घेऊन कोनच्या कडेची घडी बघा, तिथे चीर पडते. आणि कोनवरून टर्मिनलकडे ज्या दोन विणलेल्या बारीक तारा येतात त्या बघा, हलल्या की आवाज येतो-जातो करत असेल तर तीच तार आतून तुटलेली असते, ती बदलता येते.

शेवटी मल्टीमीटर. स्पीकरची एक वायर काढून ठेवा, नाहीतर अँपच्या आतलं पण मोजलं जाईल, आणि मग दोन टर्मिनलवर ओहम, म्हणजे विजेला होणारा अडथळा, मोजा. ८ ओहमचा स्पीकर मीटरवर ८ दाखवत नाही, साधारण ६ ते ७ दाखवतो, १६ वाला १२-१३ च्या आसपास, ४ वाला ३ ते साडेतीन. घाबरू नका, मीटर फक्त तारेचा डीसी रेझिस्टन्स मोजतो. मीटर काहीच दाखवत नसेल तर कॉइल किंवा ती विणलेली तार तुटली. शून्याच्या जवळ दाखवत असेल तर कॉइल जळून शॉर्ट झालीय, असा स्पीकर परत अँपला लावू नका, अँप पण जाईल.

स्पीकर चांगला आहे पण आवाज आवडत नाही, तेव्हा

ह्या भागावर वेळ घालवा, कारण पैसे इथेच वाया जातात.

बारा इंची स्पीकरचे वरचे सूर सरळ समोर जातात, बाजूला फार पसरत नाहीत. अँप फरशीवर आणि तुम्ही शेजारी उभे, म्हणजे तो टोचणारा भाग तुमच्या पोटऱ्यांना ऐकू येतोय आणि कानाला येतोय फक्त दबलेला आवाज. मग तुम्ही ट्रेबल वाढवता, आणि समोर बसलेला माणूस कान धरतो. स्पीकर बदलायचा विचार करण्याआधी अँप खुर्चीवर किंवा टेबलावर ठेवा, थोडा मागे कलवा, कानाच्या रेषेत आणा, भिंतीपासून हातभर पुढे घ्या, कोपऱ्यातून काढा कारण कोपऱ्यात बास फुगतो, आणि सगळे नॉब मध्यावर ठेवून पाच-सहा दिवस असंच वाजवा. किती तरी लोकांची स्पीकर बदलायची हौस इथेच फिटते आणि पैसे वाचतात.

एवढं करूनही खटकत असेल तर ते कागदावर लिहा. "आवाज भारी नाही" असं नको. कानाला टोचतो का? डिस्टॉर्शन लावलं की माशा घोंगावल्यासारखं होतं का? जाड तारांवर आवाज फुगून सगळं एकात एक मिसळतं का? ड्रम आणि कीबोर्ड सुरू झाले की गिटार हरवतं का? की मुळात आवाजच कमी पडतो? प्रत्येकाचं उत्तर वेगळं आहे आणि पुढे नावं बघताना हाच कागद हातात ठेवायचाय.

अजून एक, मित्राकडे कुणाकडे दुसरा अँप किंवा बारा इंची कॅबिनेट असेल आणि तुमच्या अँपला स्पीकरचं वेगळं सॉकेट असेल, ओहम जुळत असतील, तर तुमचा अँप त्याच्या स्पीकरला जोडून ऐका. एवढं एक ऐकणं दहा व्हिडिओंपेक्षा जास्त सांगून जातं. जोडताना स्पीकर केबलच वापरा, गिटारची केबल नाही. गिटारच्या केबलमधली तार बारीक असते, ती एवढा करंट वाहून न्यायला बनवलेलीच नाही, आणि ट्यूब अँपवर, म्हणजे काचेच्या व्हॉल्व्हवर चालणाऱ्या अँपवर, केबल मध्येच तुटली तर अँपचं नुकसान होतं.

ओहम: इथे तडजोड नाही

अँपच्या मागे, स्पीकर सॉकेटजवळ किंवा आतल्या जुन्या स्पीकरच्या चुंबकावर आकडा असतो, ४, ८ किंवा १६. फेंडरचा ब्लूज ज्युनिअर ८ चा आहे, व्हॉक्सचा एसी१५ हा १६ चा, त्यामुळे "बारा इंची म्हणजे सगळे सारखे" हे डोक्यातून काढा. पार्सल मागवताना एकाच स्पीकरची ८ आणि १६ अशी दोन मॉडेलं असतात आणि पानावर फोटो एकच असतो, घाईत लोक चुकीचं बटण दाबतात.

ट्रान्झिस्टरचा अँप असेल, म्हणजे आपल्याकडचे बहुतेक प्रॅक्टिस अँप, तर लिहिलेल्या आकड्यापेक्षा कमी ओहमचा स्पीकर कधीच लावायचा नाही. करंट वाढतो, आउटपुटचे ट्रान्झिस्टर किंवा आयसी तापतात आणि उडतात, त्यात आपला मे महिना म्हणजे खोलीतच चाळीसच्या घरात तापमान. जास्त ओहमचा चालतो, धोका नाही, फक्त ताकद कमी होते. ४ ओहमला २० वॅट देणारा अँप ८ ओहमला साधारण ११-१२ वॅट देईल. कानाला हा फरक निम्म्याचा वाटत नाही, थोडा कमी एवढाच, म्हणून ४ ओहमच्या अँपला चांगला ४ ओहमचा गिटार स्पीकर मिळाला नाही तर ८ चा घ्यायला हरकत नाही.

ट्यूब अँपचा नियम वेगळा. तिथे आउटपुट ट्रान्सफॉर्मर असतो आणि त्याला जेवढे ओहम सांगितलेत तेवढेच द्या. आणि स्पीकर न लावता ट्यूब अँप चालू करून वाजवायचा नाही, एक मिनिटभर सुद्धा नाही. लोड नसला की ट्रान्सफॉर्मरमध्ये प्रचंड व्होल्टेज उसळतं आणि ट्रान्सफॉर्मर किंवा ट्यूब जाते, आणि ट्रान्सफॉर्मर म्हणजे स्पीकरपेक्षा मोठं दुखणं.

दोन स्पीकरवाला अँप असेल तर जोडणी बघा. दोन ८ ओहमचे समांतर जोडले तर ४ होतात, एकामागे एक जोडले तर १६. बदलताना दोन्ही स्पीकर सारख्याच ओहमचे ठेवा, नाहीतर ताकद सारखी वाटली जात नाही आणि एकावरच भार येतो.

माप

हे पटकन सांगतो. ६.५, ८, १० आणि १२ इंच ही नेहमीची मापं, जुनं जेवढं तेवढंच घ्यायचं. बारा इंची गिटार स्पीकरचा बाहेरचा व्यास साधारण ३०९-३१० मिलिमीटर आणि फळीतलं भोक २८३ च्या आसपास असतं, त्यामुळे बारा इंचीत फारसा घोळ होत नाही. छोट्या ६.५ आणि ८ इंचीमध्ये मात्र स्क्रूची भोकं कंपनीगणिक वेगळी असतात, पट्टीने मोजूनच मागवा. सगळ्यांनीच खोली मोजा, म्हणजे फळीपासून मागे चुंबकाला किती जागा आहे. चुंबक मोठं झालं आणि ट्रान्सफॉर्मर किंवा ट्यूबला टेकलं तर स्पीकर परत पाठवायची वेळ येते. वजन पण बघा, व्हिंटेज ३० एकटा ४.७ किलोचा आहे. बसमधून अँप नेणाऱ्याला निओडिमियम चुंबकाचे स्पीकर बरे, ते दोन-अडीच किलोच्या आसपास भरतात.

वॅट आणि डीबी, ह्यात लोक गोंधळतात

स्पीकरवरचा वॅट म्हणजे लिफ्टमध्ये लिहिलेल्या किलोसारखा, तेवढं पेलतो एवढाच अर्थ. १०० वॅटचा स्पीकर लावला म्हणून अँपचा आवाज वाढत नाही, आणि छोट्या अँपला मोठ्या वॅटचा स्पीकर "ओढवत नाही" हे पण खोटं. एकच स्पीकर असेल तर अँपच्या वॅटच्या दीडपट ते दुप्पट घ्या, कारण अँपवर लिहिलेला आकडा स्वच्छ आवाजाचा असतो आणि फोडून, म्हणजे आवाज फाटेपर्यंत व्हॉल्यूम वाढवून, वाजवला की तो त्याच्या बराच वर जातो. १५ वॅटच्या ट्यूब अँपला २५-३० वॅटचा पुरतो, ४० वॅटच्याला ६०-८० चा. स्पीकर जास्त असले की भार वाटला जातो, म्हणून तर मार्शलच्या चार स्पीकरवाल्या जुन्या कॅबिनेटमध्ये सेलेशनचे २५ वॅटचे चार ग्रीनबॅक स्पीकर १०० वॅट पेलायचे.

आवाज किती मोठा हे ठरतं सेन्सिटिव्हिटीवर, म्हणजे १ वॅट देऊन १ मीटरवर किती डीबी (डेसिबल, आवाज मोजायचं एकक) येतात त्यावर. हा आकडा लोक बघतच नाहीत, आणि माझ्या मते ओहमनंतर हाच सगळ्यात महत्त्वाचा. ३ डीबी जास्त म्हणजे अँपची ताकद दुप्पट केल्यासारखं. ९७ डीबीच्या जागी १०० डीबीचा स्पीकर टाकला तर १५ वॅटचा अँप ३० वॅटच्यासारखा वाजतो, अँपमधली एक तारही न हलवता. ऑर्केस्ट्रात ड्रमच्या शेजारी बसणाऱ्यासाठी ही सोन्यासारखी गोष्ट आहे. उलट फ्लॅटमध्ये रात्री वाजवणाऱ्याने १०० च्या वरचा स्पीकर घेऊ नये, व्हॉल्यूम एकवर ठेवला तरी शेजारी दार वाजवतील, त्याला ९५-९७ वाला बरा.

आता नावं

गिटारचा स्पीकर घरातल्या म्युझिक सिस्टीमसारखा सगळे सूर सारखे वाजवत नाही, आणि वाजवू पण नये. जाड ई ची तार ८२ हर्ट्झला असते आणि गिटार स्पीकर साधारण ७५ हर्ट्झपासून ५००० हर्ट्झपर्यंत वाजतो, वर एकदम उतरतो. डिस्टॉर्शनमधली जी करकर असते ती ह्या ५००० च्या वरचीच, ती स्पीकर गाळून टाकतो म्हणून आवाज गोड लागतो. त्यामुळेच गाडीतला वूफर, होम थिएटरचा किंवा डीजेचा स्पीकर गिटार अँपमध्ये घालू नका. गाडीचा बहुतेक ४ ओहमचा असतो, रबराच्या कडेचा वूफर जड कोनमुळे हळू आवाजाचा असतो, आणि डीजेचा बास स्पीकर डिस्टॉर्शनला कोरडा, निर्जीव वाजतो. स्वस्तात पडतो म्हणून मोह होतो, मला माहितीय, पण आवाजाने समाधान होणार नाही.

तुमचा कागद काढा. गिटार बँडमध्ये हरवतंय आणि अँपचा मूळ आवाज मऊ, काळवंडलेला आहे, तर सेलेशनचा व्हिंटेज ३० बघा, ६० वॅट, १०० डीबी, २००० ते ३००० हर्ट्झच्या दरम्यान त्याला चांगला उठाव आहे म्हणून तो गर्दीतून पुढे येतो. पण तुमची तक्रार टोचण्याची असेल तर हाच स्पीकर तुमचा शत्रू आहे, कितीही लोकांनी भारी म्हटलं तरी घेऊ नका. टोचतंय, माशा घोंगावतायत, त्याला सेलेशनचाच क्रीमबॅक जी१२एम-६५ चांगला, ६५ वॅट, ९७ डीबी, वरचा भाग गोल आणि मध्य भरलेला. एमिनेन्सचा कॅनाबिस रेक्स पण ह्याच कामाचा, त्याचा कोन हेंपच्या, म्हणजे भांगेच्या झाडाच्या धाग्याचा असतो, त्यामुळे ट्रेबल मऊ होतो, क्लीन वाजवणाऱ्यांना फार आवडतो, आणि आवाजाने मोठा पण आहे.

जुन्या रॉकचा घोगरा मध्य हवाय, अँप १५ वॅटच्या आसपासचा आहे, तर ग्रीनबॅक. त्याचा बास थोडा सैल असतो, कुणाला तो आवडतो, मला हिंदी गाण्यांच्या रिदमला तो छान वाटतो. जाड तारांवर सगळं मिसळून जातंय, बास आवळून हवाय, मेटल वाजवता, तर मोठ्या चुंबकाचे आणि जास्त वॅटचे बघा, जेन्सनचा सी१२के १०० वॅटचा आहे, एमिनेन्सचे मोठे स्पीकर आहेत. क्लीन, चकचकीत, घंटेसारखे वरचे सूर हवेत तर अल्निको चुंबकाचे, सेलेशनचा ब्लू त्यातला नामांकित, पण तो फक्त १५ वॅट पेलतो, व्हॉक्सच्या एसी३० मध्ये म्हणून तर ते दोन लावतात, आणि महाग आहे. अल्निको म्हणजे अॅल्युमिनियम, निकेल, कोबाल्ट. फोडून वाजवताना तो थोडा दबतो, मऊ पडतो, तेच त्याचं वैशिष्ट्य. साधा सिरॅमिक चुंबकाचा स्पीकर म्हणजे कमी दर्जाचा असं मात्र समजू नका, वर सांगितलेले बाकीचे जवळपास सगळे सिरॅमिकच आहेत.

कंपनीच्या पानावर प्रत्येक स्पीकरची वेड्यावाकड्या रेघेची फ्रीक्वेन्सी चार्ट असते, ती बघायला शिका. २००० ते ४००० मध्ये रेघ डोंगरासारखी वर गेली तर तो टोकदार, तिथे सपाट असली तर मऊ, १०० च्या आसपास फुगलेली असली तर बास जास्त. तुमच्या जुन्या स्पीकरची चार्ट मिळाली तर दोन्ही शेजारी ठेवा, फरक डोळ्याला दिसतो. व्हिडिओ ऐकायचेच असतील तर एकाच माणसाने, एकाच अँपवर, एकाच माइकने केलेले दोन स्पीकर तुलना करून ऐका, दोन वेगळ्या व्हिडिओंची तुलना काही कामाची नाही कारण माइक दोन बोटं सरकला तरी आवाज बदलतो.

कधी बदलू नये

सहा-साडेसहा इंची स्पीकरचा १० वॅटचा अँप असेल तर महागडा स्पीकर टाकून फार फरक पडत नाही, डबाच लहान आहे. त्याला स्पीकरचं सॉकेट असेल तर त्याच पैशात सुताराकडून १८ मिलिमीटर प्लायचा बारा इंची डबा करून घ्या, पाठ अर्धी उघडी ठेवा, आणि त्यात गिटार स्पीकर बसवा, तोच १० वॅटचा अँप ओळखू येणार नाही. यामाहाच्या टीएचआरसारखे छोटे डिजिटल अँप त्यांच्या स्वतःच्या फुल-रेंज स्पीकरसाठी बनवलेले असतात, त्यात गिटार स्पीकर घालायचा प्रयत्न करू नका. आणि साधा हिशोब, स्पीकरची किंमत अँपच्या किमतीच्या निम्म्यावर जात असेल तर थांबा, तेवढे पैसे घालून वरचा अँप सेकंडहँड मिळतो का बघा.

कॉइल भरून घेणं हा पण पर्याय आहे. आपल्याकडे मिरवणुकांमुळे साउंड सिस्टीम भरपूर, त्यामुळे स्पीकर रिपेअर करणारे कारागीर पण हाताने पक्के आहेत. अँपबरोबर आलेला साधा स्पीकर असेल तर जरूर भरून घ्या, पण दोन गोष्टी सांगून द्या, ओहम जुनेच ठेवा, आणि कोन गिटारचाच, म्हणजे पातळ कागदी आणि कागदाच्याच घड्यांची कडा असलेला टाका, डीजेचा जाड कोन टाकला तर स्पीकर चालेल पण आवाज गिटारचा राहणार नाही.

पार्सल आणि बसवणं

पार्सल उघडतानाचा व्हिडिओ काढा, खोक्याच्या सगळ्या बाजू दाखवून. सांगाडा कुठे वाकलाय का बघा, कोन वर सांगितल्यासारखा दाबून बघा, मीटर लावा, चुंबकावरचा ओहम वाचा. हे सगळं स्क्रू लावायच्या आधी, कारण भोकांवर स्क्रूच्या खुणा पडल्या की दुकानदार परत घेत नाही.

जागा स्वच्छ हवी. टेबलावर चादर किंवा कागद पसरा, आणि जिथे ग्राइंडर चालतो, लोखंडाचा कीस पडलेला असतो तिथे, म्हणजे एमआयडीसीतल्या मित्राच्या वर्कशॉपमध्ये वगैरे, हे काम करू नका. चुंबक तो कीस ओढून घेतं आणि फटीत गेलेला कण परत निघत नाही.

अँप बंद, प्लग काढलेला. ट्यूब अँप असेल तर अर्धा तास थंड होऊ द्या आणि वरच्या चासिसला, म्हणजे सर्किट बसवलेल्या धातूच्या पेटीला, हात लावू नका, प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये शेकडो व्होल्ट राहतात. स्पीकर बदलायला चासिस उघडावी लागत नाही. जुन्या वायरींचा फोटो काढा, कुठली प्लसला होती ते मार्करने लिहा. अँप तोंडावर पाडून ठेवा, खाली उशी.

आता सगळ्यात जपायची जागा. स्क्रूड्रायव्हर स्पीकरजवळ गेला की चुंबक तो जोरात खेचून घेतं, मनगट ढिलं असेल तर टोक सरळ कोनमधून आरपार जातं, नवा कोरा स्पीकर एका क्षणात फाटतो. म्हणून एका हाताचा तळवा कोनच्या वर आडवा धरा किंवा पुठ्ठा ठेवा, आणि दुसऱ्या हाताने स्क्रू फिरवा. बॅटरीवाला ड्रिल नको, हातानेच. जुना स्पीकर निघत नसेल तर त्याची गास्केट, म्हणजे कडेची पट्टी, फळीला चिकटलेली असते, पुट्टीची पातळ पत्ती कडेने फिरवा, ओढाताण करू नका.

नवा बसवताना समोरासमोरचे स्क्रू आलटून-पालटून थोडे थोडे आवळा, आणि टेकले की थोडंसंच पुढे. जास्त आवळलं की सांगाडा वाकतो आणि कॉइल घासायला लागते, आणि एमडीएफची फळी असेल तर स्क्रूचं भोकच मोकळं होतं. वायरीला चपट्या क्लिप असतील तर प्लासने किंचित दाबून घट्ट बसवा. सोल्डर असेल तर कोनवर पुठ्ठा झाकून पटकन करा, एक थेंब पडला तरी कोनला भोक. काही ट्रान्झिस्टर अँपमध्ये स्पीकरची मायनस वायर पण ग्राउंड नसते, म्हणून दोन्हीपैकी कुठलीच वायर चासिसला टेकू देऊ नका.

प्लस-मायनस एका स्पीकरला फार महत्त्वाचं नाही, दोन असतील तर अत्यंत महत्त्वाचं, दोन्हीपैकी एकच उलटा जोडला तर बास गायब होतो. खात्री करायला साधा दीड व्होल्टचा पेन्सिल सेल घ्या, अँपची वायर न जोडलेल्या स्पीकरच्या टर्मिनलवर क्षणभर टेकवा. सेलचा प्लस स्पीकरच्या लाल टर्मिनलला असताना कोन बाहेर आला तर बरोबर.

पहिल्या दिवशी आवाज थोडा ताठ, कोरडा वाटेल. नव्या कोनची कडा कडक असते, मध्यम आवाजात काही तास वाजवला की मोकळी होते आणि टोकं जरा गोल होतात, तोपर्यंत आवडला-नावडला ठरवू नका. दोन-तीन आठवड्यांनी स्क्रू एकदा तपासा, गास्केट दबल्यामुळे ते थोडे ढिले पडतात. उन्हाळ्यात अँप गाडीच्या डिकीत दुपारभर सोडू नका.

जुना स्पीकर चालू असेल तर भंगारात घालू नका. त्याच्या चुंबकावर मार्करने अँपचं नाव आणि ओहम लिहा, नव्याच्या खोक्यात कोनवर काही दाबणार नाही असा ठेवा. उद्या अँप विकायचा झाला तर तोच परत बसवून विका, अँपची किंमत तेवढीच येते, आणि नवा स्पीकर, पुढच्या अँपचे ओहम जुळत असतील तर, तिकडे लावता येतो.